गाडीच्या वाट्याचं पेट्रोल

किल्ली अर्धीच फिरवायची आणि थांबायचं, ही संताजीरावांची रीत. मागच्या सीटखालून एक बारीक गुणगुण उठायची, क्षणभर टिकायची आणि आपसूक विरायची. टाकीत बुडवलेला पंप जागा झाला, त्यानं पेट्रोल पुढं ढकललं, एवढाच तिचा अर्थ. पण संताजीराव तिला तंबोरा म्हणत. कीर्तनाला उभं राहण्याआधी तंबोरा जुळवून घ्यावा तशी ते ती गुणगुण कान देऊन ऐकत, आणि सूर लागला की मगच इंजिन सुरू करत.

गेले काही आठवडे हा तंबोरा बिघडला होता. गुणगुणीच्या जागी चिरका, नाकातून आल्यासारखा आवाज येई आणि विरायच्या ऐवजी मध्येच तुटे. त्या आवाजासरशी संताजीराव देवाचा धावा करत. कारण हा पंप गेला तर गाडी विकली जाणार होती, आणि गाडी गेली की वैनींची गावोगावची कीर्तनं संपणार होती.

वैनी म्हणजे गोदावरीबाई, त्यांच्या चुलतभावाची बायको. मैसूरच्या राजाच्या घोडदळात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या मराठ्यांपैकी हे घराणं. घोडी गेली, तलवारी गेल्या, मराठी तेवढी घरात राहिली, आणि तिच्यात कानडी अशी मुरली की आता कुणी वेगळी काढू म्हटलं तरी निघायची नाही. गोदावरीबाईंचे सासरे गणपतराव कीर्तनकार होते. सुनेचा गळा ओळखून त्यांनी तिला आपल्या मागं टाळ घेऊन उभं केलं, आणि त्यांच्यानंतर ती पुढं उभी राहिली. आता सत्तरी ओलांडली तरी नऊवारीचा काष्टा घालून, कपाळाला बुक्का लावून त्या उभ्या राहिल्या की देवळातली कुजबुज आपोआप थांबते. पद मराठीत गायचं, निरूपण कानडीत करायचं, आणि रंग चढला की दोन्हींचा काला. कुठल्या भाषेत ऐकलं ते घरी जाऊन कुणाला आठवत नाही. देवाचं काहीतरी ऐकलं, एवढं आठवतं, आणि तेवढंच पुरतं.

गणपतरावांचा एक नेम होता. कीर्तनाचं मोल घ्यायचं नाही. त्या दिवसापुरता शिधा घ्यायचा आणि उद्यासाठी काही ठेवायचं नाही. उद्याचं तो वरचा बघतो. ते पायी हिंडले, फार तर बसनं गेले. गोदावरीबाईंच्या वेळी दारात गाडी होती, यजमानांच्या मागं उरलेली, पांढरी, जुनी. त्यांनी सासऱ्यांचा नेम त्या गाडीलाही लावला. ज्या गावचं कीर्तन त्या गावानं जाण्यायेण्यापुरत्या पेट्रोलचे पैसे आधी पाठवायचे. एरवी गाडी हलवायची नाही. कीर्तन करून घरी आलो की टाकीत उद्याचं काही असायला नको.

हा नेम पाळण्यात संताजीरावांनी आपली सगळी हुशारी ओतली होती. उमर सरकारी बस चालवण्यात गेलेली. रस्त्याचे चढउतार त्यांच्या तळपायाला पाठ. कुठल्या गावाला किती लागेल याचा अंदाज ते असा बांधत की परतताना, मैसूरच्या आपल्या नजरबादेत शिरता शिरता, मीटरवरचा तो पिवळा दिवा लागलाच पाहिजे. पेट्रोलच्या बंकवर घालणारा माणूस नळी काढायच्या आधी संताजीरावच हात आडवा करून “साकु, साकु” म्हणत, पुरे, पुरे. आणि परतीच्या वाटेवर दिवा लागला की एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावत.

“वैनी, झालं बघा. काही उरलं नाही.”

शेजारच्या सीटवरून वैनी त्या दिव्याकडं बघत आणि समाधानानं डोळे मिटून घेत. अशी वर्षं गेली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? देवाचं काम होतं.

पहिला पंप गेला तेव्हा देवराज मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या नरसिंहमूर्तीनं पेट्रोलात भेसळ असेल असं सांगून नवा बसवून दिला. संताजीरावांनी बंक बदलला. दुसरा गेला तेव्हा नरसिंहमूर्तीनं गाडीच्या वयाला बोल लावला आणि पुन्हा नवा बसवला. दोन्ही वेळा गाडी दोरीनं ओढत आणावी लागली, दोन्ही वेळा वैनी रस्त्याच्या कडेला चिपळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बंगळूरुला असलेला त्यांचा मुलगा पुनीत ते ऐकून धावत आला. पुनीत आईवर आवाज चढवणारा मुलगा नव्हता, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं. ट्रकांच्या रस्त्यावर आई उन्हात अडकून पडते या विचारानं त्याला काम सुचत नव्हतं. पुन्हा एकदा गाडी बंद पडली तर ती विकायची, आईनं घरातूनच कॅमेऱ्यासमोर कीर्तन करायचं, ज्यांना हवं ते फोनवर बघतील, असं त्यानं हात जोडून सांगितलं. वैनींनी ते मान्य केलं. मुलाला दिलेला शब्द तोही शब्दच.

आणि गेल्या रविवारी परतताना गाडी बंद पडली.

भातखाचरांच्या मधला रस्ता, डोक्यावर चैत्राच्या तोंडचं ऊन. इंजिन दोनतीनदा ठसकलं आणि थांबलं. संताजीरावांनी बॉनेट उघडून ठेवलं, वैनींना करंजाच्या सावलीत बसवलं, आणि मनातल्या मनात नामजप सुरू केला. गाडी निवल्यावर पुन्हा किल्ली फिरवली तर ती सुरू झाली. ओढून आणावी लागली नाही, म्हणून वैनींनी हे बंद पडण्यात धरलं नाही. पण संताजीरावांना माहीत होतं की हा देवानं दिलेला वायदा आहे, आणि वायदा संपत आलाय.

त्यांचं स्वतःचं काय होईल हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको गेल्यापासून आठवड्याचे सहा दिवस ते सातव्याची वाट बघत. वैनींच्या मागं झांज धरून उभं राहायचं, तिच्या ठेक्यावर आपला श्वास चालवायचा, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. कॅमेऱ्यासमोर झांजेला कोण विचारतो?

त्या रविवारी मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन वल्लरी होती. ती मूळची सांगलीकडची, नोकरीसाठी मैसूरला आलेली इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करायची आणि सुटीच्या दिवशी वैनींच्या साथीला पेटी वाजवायची. तिची मराठी पुस्तकातली, संताजीरावांची मैसूरची. ती “मला वाटतं” म्हणाली की ते “मला वाटतं की हो, अल्वा?” म्हणून, ‘नाही का’ असं कानडीत जोडून, तिची नक्कल करत, आणि ती त्यांच्या “अल्वा”ला उत्तर म्हणून कानडीत चुकीचं काहीतरी बोले. दोघांचं चांगलं जमायचं.

गुरुवारी तालीम आटोपल्यावर तिनं त्यांना अंगणात गाठलं. गाडी बंद पडली तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं, असं तिनं विचारलं.

संताजीराव फुलून आले. किती ते विचारूच नको, म्हणाले. दिवा लागायला आणि घराचं फाटक यायला एकच गाठ. आजवर कधी चुकलेलो नाही.

वल्लरी हसली नाही. तिनं कपाळावरचे केस मागं सारले आणि दिवा दर वेळी लागतो का, असं विचारलं. दर वेळी, ते म्हणाले. मग तिनं पायरीवर बसून त्यांना समजावलं. हा पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून असतो. चालताना तापतो, आणि त्याला निववतं ते भोवतीचं पेट्रोलच. त्यातूनच त्याला वंगणही मिळतं. टाकी तळाला गेली की तो उघडा पडतो, कोरडा फिरतो, तापतो, झिजतो. वर तळाचा सगळा गाळ ओढून घेतो. एखाद्या दिवशी असं झालं तर बिघडत नाही. पण दर वेळी झालं तर कुठलाच पंप टिकणार नाही, नवा घाला नाहीतर आणखी नवा.

“भेसळ नाही, वय नाही,” ती म्हणाली. “काका, तुम्ही त्याला उपाशी चालवताय.”

संताजीरावांनी गाडीकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्या दिव्याला हात कपाळाला लावला, तो दिवा ओरडून सांगत होता. आधी लाज वाटली. मग लाजेच्या मागून एक आनंद आला: म्हणजे गाडी म्हातारी नव्हती! पाव टाकी ठेवली की झालं, एवढंच. आणि त्या आनंदाच्या मागून भीती आली, कारण एवढंच नव्हतं. वैनींना सांगायचं होतं.

वैनींची गोष्ट अशी की एकदा सोडलं की सोडलं. सासरे गेले त्या दिवशी त्यांनी कॉफी सोडली, आणि मैसूरच्या घरात राहून, सकाळ-संध्याकाळ तो वास नाकात घेऊन, पुन्हा कधी ओठाला लावली नाही. नेम आणि गाडी यांतलं एक निवडा म्हटलं तर त्या काय निवडतील याबद्दल संताजीरावांना तिळमात्र शंका नव्हती. ‘मग जाऊ दे गाडी,’ असं त्या म्हणतील, शांतपणे, भाजी संपली म्हणून सांगावं तशा.

म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. रविवारी सकाळी उठून, वैनी पूजेत असताना, ते एकटेच बंकवर गेले आणि अर्धी टाकी भरून आले. तिथला ओळखीचा माणूस नेहमीएवढं घालून सवयीनं थांबला होता. त्याला पुढं घाल म्हणताना संताजीरावांची जीभ अडखळली. किल्ली अर्धी फिरवून त्यांनी ऐकलं. आवाज अजून चिरका होता, पण आता तुटत नव्हता.

राहिला तो काटा. वैनी पुढं बसत आणि परतताना काटा बघत. संताजीरावांनी डोकं लढवलं. देवघरातल्या ताज्या झेंडूची एक माळ मागून घेतली आणि मीटरच्या चौकटीला अशी बांधली की सगळा डावा भाग फुलांनी झाकून जावा. वल्लरी पेटी घेऊन आली, तिनं माळ पाहिली, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं बसली.

कीर्तन कृष्णराजनगरच्या पलीकडं, कावेरीच्या कालव्यालगतच्या एका गावात होतं. रामनवमीआधीच्या उत्सवातलं. दुपारचं जेवण आटोपून ते निघाले. इलवाल गाव मागं पडेपर्यंत वैनींचे ओठ नुसते हलत होते. त्या मनात आख्यान लावत होत्या. मग त्यांची नजर डॅशबोर्डवरच्या देवाकडं आणि तिथून फुलांवर गेली.

“भावजी, देव मधी बसलाय. माळ तुमच्या मीटरला का?”

“सुम्मने, वैनी. उगीच, शोभेला.”

“देवाला नको शोभा?”

मागं वल्लरीला खोकला आला. संताजीरावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. वैनींनी हात लांबवून एका बोटानं माळ वर उचलली. काटा अर्ध्यावर उभा होता, निवांत.

“कुणाचं हे?”

“माझं,” संताजीराव म्हणाले, आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बोलून गेले. पंप कुठं असतो, काय पितो, का तापतो. दिवा लागतो म्हणजे काय होतं. वल्लरी काय म्हणाली. अधूनमधून वल्लरीनं मागून एखादं वाक्य दुरुस्त केलं. वैनी ऐकत होत्या. माळ अजून त्यांच्या बोटावर होती.

“म्हणजे ते दोन्ही पंप माझ्या नेमानं जाळले.”

“नेमानं नाही, वैनी. माझ्या हौसेनं. थोडं वर ठेवलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं.”

“मला कळलं असतं,” वैनी म्हणाल्या.

त्यांनी माळ सोडवली, मधल्या छोट्या मूर्तीला नीट घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. दोन्हीकडं पिकायला आलेला भात हलत होता. गाडी एकदाही ठसकली नाही, आणि संताजीरावांना त्याचा आनंद घेता येईना. शेवटचा फेरा चाललाय, असं त्यांना वाटत होतं. पुढं गाव दिसायला लागलं तेव्हा त्यांनी वेग उगाचच कमी केला.

गावचे राघवेंद्र, देवळाचं सगळं बघणारे, वेशीवर उभे होते. पाहुण्यांना पानक दिलं, गुळाचं, वेलदोडा घातलेलं, गार. पोरींनी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर भिजवलेल्या डाळीची कोसंबरी वाढली. देऊळ भरलं होतं. बायका खांबांपर्यंत, पुरुष पायऱ्यांपर्यंत. शेवटी मागच्या भिंतीशी बसलेल्या दोनचार मराठी घरांतल्या म्हाताऱ्या, ज्या वर्षातून या एका दिवशी आपल्या भाषेतलं पद ऐकायला येत.

वैनी उभ्या राहिल्या. नमन झालं, पूर्वरंग झाला. त्यांनी निरूपणाला घेतलं होतं अपरिग्रह, देवावर भार टाकणं, काही न साठवणं. दर वर्षी कुठंतरी त्या हा विषय घेत, आणि सासऱ्यांच्या नेमाची गोष्ट सांगून लोकांचे डोळे ओले करत. संताजीराव झांज वाजवत होते, पण लक्ष वैनींच्या पुढच्या शब्दाकडं होतं. आता गणपतरावांची गोष्ट येणार आणि तिच्याबरोबर निकाल.

मध्ये नामाचा गजर झाला. उत्तररंगाला सुरुवात करताना वैनी थांबल्या. पदराच्या टोकानं कपाळ टिपलं.

“एक पखालजी होता,” त्या म्हणाल्या.

हे आख्यान संताजीरावांनी कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या पोरांना पखाल माहीत नव्हती, म्हणून वैनींनी ती हातांनी बनवून दाखवली: चामड्याची एवढी मोठी पिशवी, पाठीवर टाकलेली, खाली तोंड. घोडदळाच्या मागं मागं हा चालायचा. दमल्या शिपायांच्या ओंजळीत पाणी ओतायचा. देवाचं नाव घ्यायचा आणि ओतायचा, ना जात विचारली ना हुद्दा. पण संध्याकाळी तळ पडला की पखालीत थोडं पाणी राहायचंच. ते तो कुणाला द्यायचा नाही, स्वतःही प्यायचा नाही. एके दिवशी एका तरण्या शिपायानं ते पकडलं. सगळ्यांच्या देखत म्हणाला, हा भक्त म्हणवतो आणि उद्यासाठी पाणी लपवतो! पखालजी लाजला. त्यानं काही वाद घातला नाही. पखाल उलटी करून शेवटचा थेंब जमिनीवर सोडला. लोकांनी वाहवा केली. खरा विरक्त म्हणून त्याच्या पाया पडले. त्यालाही बरं वाटलं. मग रोजच तो सगळ्यांसमोर पखाल उलटी करू लागला आणि रोज नमस्कार घेऊ लागला.

वैनींनी इथं एक आलाप घेतला. वल्लरीची बोटं त्यांच्या मागोमाग गेली आणि थांबली.

“आणि एका उन्हाळ्यात,” वैनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “भर माळावर त्यानं विहिरीतून पखाल भरली, खांद्यावर टाकली, चालायला लागला. मागं वळून बघतो तर वाटेवर ओली रेघ. चामडं रोज सुकून सुकून तडकलं होतं. शिवणीतनं सगळं पाणी गळून गेलं. शिपाई जीभ बाहेर काढून बसलेत, आणि हा रिकामी पखाल घेऊन उभा.”

वल्लरीनं पेटीवर एकच सूर धरून ठेवला.

“तो विहिरीच्या काठावर बसून रडला. देवा, मी तर काहीच साठवलं नाही! तेव्हा देव म्हणाला, वेड्या, ते तळचं पाणी तुझं नव्हतंच. ते पखालीचं होतं. दुसऱ्याच्या वाट्याचं सोडून देणं, याला त्याग म्हणतात का?”

मग त्या मराठीवरून कानडीवर आल्या, आणि कानडीवरून पुन्हा मराठीवर, आणि स्वतःवर आल्या. आमच्या मामांजींनी सांगितलं, उद्यासाठी ठेवू नकोस. पखाल सुकव, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मीच मनानं घातलं. आणि बाहेर माझी एक पखाल उभी आहे, पांढरी, चार चाकांची, तिला मी दर वेळी कोरडी करून घरी न्यायचे आणि वर डोळे मिटून घ्यायचे. केवढी मी विरक्त!

लोक हसले. राघवेंद्र पोट धरून हसले. वैनींनी मागं वळून संताजीरावांकडं पाहिलं. आयुष्यात कधी न चुकलेली त्यांची झांज त्या क्षणी एक मात्रा मागं राहिली, मग दोन, आणि ती सावरायच्या नादात त्यांना कळलं की आपले गाल ओले झालेत. पुढचा गजर त्यांनी असा वाजवला की वल्लरीला पेटीचा भाता दुप्पट हलवावा लागला.

आरती झाली. प्रसाद वाटताना संताजीराव वैनींच्या जवळ गेले.

“वैनी, आमच्या घराण्यात पखालजी कधी नव्हता. सगळे स्वार.”

“माझ्या माहेरी होता,” वैनी म्हणाल्या. “सासरचे सगळे घोड्यावर. मग पाणी कोण आणत होतं, भावजी?”

राघवेंद्र नेहमीसारखे विचारायला आले, पाठवलेल्या पैशांचं पेट्रोल जाण्यायेण्याला पुरलं ना म्हणून. पुरलं, वैनी म्हणाल्या. तेवढंच घ्यायचं, हा नेम आहे तसाच राहणार. त्यांनी देवाच्या ताटातल्या कुंकवाची चिमूट घेतली, तेलाचं बोट लावून ती भिजवली आणि चालत गाडीपाशी आल्या. संताजीरावांना किल्ली फिरवायला लावली. काटा वर आला.

“वल्लरी, पंप बुडून राहायला किती लागतं गं?”

“पावच्या खाली जाऊ देऊ नका, आजी. तेवढं पुष्कळ आहे.”

वैनींनी अनामिकेनं मीटरच्या काचेवर, पाव टाकीच्या रेघेवर, कुंकवाचा बारीक टिळा लावला.

“याच्या खालचं गाडीचं. ते आपलं नाही, गावाचं नाही, ते मोजायचं नाही. याच्या वरचं गावचं. घरी येताना काटा इथं टेकला पाहिजे. जमेल का तुमच्या तळपायाला?”

“जमवतो की,” संताजीराव म्हणाले.

“आणि आज तुम्ही सकाळी घातलंत, ते टिळ्याच्या वर किती उरेल?”

संताजीरावांनी अंदाज बांधला. एका लहानशा गावाला जाऊन येण्यापुरतं उरेल, म्हणाले.

राघवेंद्र गाडीच्या दाराला टेकून ऐकत होते. त्यांची बहीण हुणसूरच्या वाटेवरल्या एका खेड्यात दिली होती. तिथं कुणी कधी कीर्तन केलं नव्हतं, कारण बोलवायचं म्हटलं तर पेट्रोल घालायची ऐपत गावाला नव्हती. हे त्यांनी संकोचत सांगितलं.

“मग ते त्यांचंच पेट्रोल,” वैनी म्हणाल्या. “येत्या एकादशीला येतो म्हणून कळवा.”

संताजीरावांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि उगाचच धूळ पुसली. एकादशी. म्हणजे पुढं एक दिवस होता, आणि त्याच्या पुढंही असणार होते.

परतताना ऊन उतरलं होतं. वल्लरीनं मागून सांगून ठेवलं की या पंपानं बराच त्रास काढलाय, तो कधीतरी बदलावा लागेलच. नरसिंहमूर्तीकडून या आठवड्यात फिल्टर तेवढा बदलून घ्या, गाळ निघेल. पण आता वर्षावर्षाला नवा नको, निगा राखली तर नवा पुष्कळ वर्षं जाईल. संताजीराव प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारून काहीच आवाज येत नाही.

वैनी झोपल्या होत्या. डोकं खिडकीला टेकलेलं, चिपळ्या मांडीवर, तोंड किंचित उघडं. परतीच्या वाटेवर त्या कधी झोपत नसत. काटा बघायचा असे. आता बघायला काही नव्हतं.

फोन वाजला. पुनीत. संताजीरावांनी गाडी एका बाजूला घेऊन थांबवली आणि हळू आवाजात उचलला. पुनीत काकांना कानडीतच हाक मारी.

“चिक्कप्पा, पोचलात का? गाडी थांबली तर नाही ना?”

“थांबली नाही रे. मी थांबवलीय, तुझा फोन उचलायला. वल्लरीशी बोल, ती सांगते काय झालंय ते, मला नीट सांगता येत नाही.” त्यांनी फोन मागं दिला. वल्लरी दबक्या आवाजात पंपाचं, पेट्रोलाचं, कुंकवाचं सगळं सांगत राहिली. पलीकडून पुनीतनं मध्येच काहीतरी विचारलं, आणि शेवटी एकदा हसलेला संताजीरावांना पुढं ऐकू आला. तिनं फोन परत दिला.

“आई कुठाय?”

“झोपलीय.”

“गाडीत?” पुनीतला खरं वाटेना. “झोपू दे मग. सावकाश या.”

संताजीरावांनी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. मागच्या सीटखालून आवाज उठला, अजून थोडा नाकातला, पण अखंड. विरेपर्यंत त्यांनी तो ऐकला. मग वैनींच्या एका अंगाला कललेल्या मानेखाली आपलं उपरणं घडी करून सरकवलं, आणि खड्डे चुकवत, एरवीपेक्षा सावकाश, ते नजरबादेच्या वाटेला लागले.